यात तू कुठेयस?

...आणि पुन्हा तेच! “चित्र छान आहे गं, पण यात तू कुठेयस?” अहो, कुठे असणार? समोर रूलान उभीच आहे की, हात रंगाने बरबटलेले, पोटात सकाळपासून नुसता चहा! पण दुआन बाईंना कोण सांगणार? चीनमधल्या चोंगछिंग शहरातल्या तरुण चित्रकारांचं प्रदर्शन त्या भरवणार, भिंतीवर कोण लागणार तेही त्याच ठरवणार.

तुम्हाला सांगतो, रूलान आणि मी एकाच स्टुडिओत रंगवायचो. पोरीने खपून आईला काढलं होतं. सूतगिरणीतली आई, कामाची पाळी संपल्यावर मैत्रिणींबरोबर नळावर हात धुतेय... आणि बाई म्हणतात, “हा घोळका मागच्या पिढीचा. तुम्ही ‘एकच मूल’ कायद्यातली एकुलती एक मुलं. तुमचं एकटेपण काढा. यात तू कुठेयस?”

झालं! रूलानने त्याच चित्रावर पांढरा रंग फासला. आधी मैत्रिणी गेल्या, मग नळ, शेवटी आई. वर काढली रिकामी खोली आणि कोपऱ्यात एकटी मुलगी. प्रदर्शनात बघतो तर काय... अकरा चित्रकार, अकरा रिकाम्या खोल्या, अकरा एकटी पोरं! त्यातलं एक माझं, आता लपवू कशाला? दुआन बाई खूष: “प्रत्येक जण किती वेगळा!”

आणि त्या गर्दीत रूलानची आई आली. आठ तास गाडीत बसून, मांडीवर लोणच्याची बरणी घेऊन. चित्रापुढे वाकून बघतच राहिली. “लानलान, मला काढलंयस म्हणाली होतीस ना? यात मी कुठेय गं?”

“आहेस आई... रंगाखाली आहेस.”

“बरं बरं,” म्हणाली, आणि चित्रातल्या मुलीकडे बोट करून, “हिला गार नाही ना वाटत?”

फेब्रुवारीत आई गेली. जन्मभर छातीत सूत साठलेलं, दुसरं काय! रूलान परतली ती थेट पातं घेऊन बसली, पांढरा रंग खरवडायला. चार दिवस! मी म्हणतोय, “अगं, थांब...” ऐकेल तर शपथ! पांढरा निघाला, पण त्याच्याबरोबर आईचा चेहराही निघाला. उरलं एक कोपर आणि नळाचं थोडं पाणी.

तेवढ्यात दुआन बाई टपकल्या. डोळे भरून आले हो त्यांचे! “हेच! आता यात तू आहेस!”

रूलानने चित्र काखेत मारलं आणि गावी निघून गेली. फोन उचलत नाही.

मी काय केलं विचारता? काय करणार... दुसऱ्या दिवशी पातं विकत आणलं. पण माझी आई ठणठणीत आहे हो. मग खरवडू तरी काय?