कापल्याबिगर छत्री सोडली न्हाई

मी म्हायेरची आटपाडीच्या पल्याडची, आमी मेंढरंवाली मान्सं, बापाच्या मागं रान हिंडतच वाढले, साळा चौथीपतूर. लगीन झालं तवा नवरा फौजेत, आनि सासर बी तिकडंच माळावर, घरात सासू आनि धाकटा दीर. आदी मी त्येला भावजी म्हनायची. आता नुसतं ‘त्यो’ म्हनती. तुमी बी तसंच लिवा.

आमचं ह्ये वर बर्फातल्या चौकीवर हुतं. तिथं गाडी जात न्हाई, खेचर चढत न्हाई, मग राकेल म्हना, पीठ म्हना, समदं इमानातनं छत्रीला बांधून टाकायचं. माल घेतला की छत्री माघारी धाडायची, आनि धाडता येत नसंल तर कापून जाळायची, दुश्मनाच्या हाती लागू द्याची न्हाई, असा हुकूम. तर एकदा वाऱ्यानं एक छत्री डोंगराच्या धारंच्या पल्याड गेली. कुनाला आनता आली न्हाई. दुश्मनानं उचलली आनि आपल्या मोर्च्यावर, म्हंजी बंदुका लावून बसायच्या खड्ड्यावर, अंथरली. बर्फ पांढरं, कापड पांढरं, आमच्या मानसांस्नी तिथं मोर्चा हाय ह्येच दिसलं न्हाई. चालत गेली ती सरळ बंदुकीम्होरं. म्होरं माझा नवरा हुता.

ह्ये मला कराडकडच्या त्येंच्या फौजेतल्या जोडीदारानं सांगितलं, माती झाल्यावर, सोप्यात बसून. सासूनं ऐकलं, दिरानं बी ऐकलं. त्येनं बी ऐकलं, बरं का.

फुडं मला त्येंच्या जागी नोकरी मिळाली, लांब उत्तरंला, आनि काम कुठलं म्हनाल तर छत्र्यांचंच. वरनं वल्या आलेल्या छत्र्या उंच टांगून वाळवायच्या, उजेडात धरून भोक बगायचं, ठिगाळ लावायचं, दोऱ्यांचा गुंता सोडवायचा, मग लांबड्या टेबलावर घडी. आनि जी कंडम झाली तिचा आदी माथा कापायचा, मग दोऱ्या आखूड करायच्या, म्हंजी भंगारात गेली तरी परत कुनाला उडवता येऊ न्हाई. बाकीच्या बाया कंटाळायच्या. मी कात्री घेऊन बसले की उटायची न्हाई. पैल्या पैल्यांदा डोळ्यातनं पानी यायचं, मग नुसता राग. काय सांगू तुमाला, त्यो राग अजून हाय.

तवर गावाकडं कालव्याचं पानी आलं, दिरानं डाळिंब लावलं. माझ्या वाटनीच्या रानात बी लावलं, इचारलं न्हाई. फळं उनानं करपायला लागली तवा एवढा परवास करून माझ्या खोलीवर आला. म्हनला वैनी, तुमच्यात कापड लय असतंय, कंडम झालेल्या दोन-चार सबंद ठिवा, बागंवर टाकतो. मी न्हाई म्हनले. सबंद छत्री भाईर जात न्हाई, तुमाला म्हाईत हाय का न्हाई, म्हनले. तर हसून म्हनला, आवं वैनी, आटपाडीत कुठला दुश्मन येतोय?

मी चहा करत हुते. चहा मोरीत वतला आनि आत जाऊन बसले. त्यो गेला.

गेला म्हंजी गावाला न्हाई गेला. आदी आमच्यातल्याच एका हमालाला गाटला, मगच गावाला गेला. भंगाराची गाडी भरताना एका गठळ्यातनं लांब दोऱ्या लोंबत हुत्या. मी कापलेली छत्री मला कळती, आवं. ती माझी नव्हती. वडून काडली, तर माथा सबंद. तशीच सायबाकडं गेले. हमाल पकडला, त्येनं दिराचं नाव घेतलं, पोलिसांनी त्येला गावातनं उचलून आनला. नाव मी घेतलं न्हाई, पन घेतलं असतं. लपवत न्हाई मी.

सुट्टीला गावी गेले तर सासू उंबऱ्यावर आडवी. माझा एक गेला आनि दुसऱ्याला तू खाल्लास, म्हनली. शेजारपाजार बगत हुतं, कुनी पान्याचा तांब्या दिला न्हाई. दीर जामिनावर सुटून आला आनि आमच्या रानामधला बांधच नांगरून टाकला. पुढं कोर्टानं माझी वाटनी दिली, पन सासूच्या मयताला बी मला कुनी कळवलं न्हाई.

आता रिटायर झाले. त्याच रानात पत्र्याचं घर बांदून ऱ्हाती, म्होरं त्येची बाग. मदी तेल्या रोग पडून ती सगळी काळी पडली. लोकं म्हनली वाईट झालं. मला काय वाईट वाटलं न्हाई.

परवा जाऊ आली, लेकीच्या लग्नाचं सांगायला. थोरल्या म्हनून तुमी उबं ऱ्हावा, ह्येंनीच धाडलंय म्हनली. मी म्हनले, त्यो का न्हाई आला? तर भाईर गाडीवर बसलाय म्हनली. दारातनं बगितलं. केस पांढरं झालेलं, मान पल्याड फिरवलेली.

पोरीचा दोष न्हाई. जावंला म्हनले, तिला माझा आशीर्वाद सांग, सुखानं नांदू दे, पन मी मांडवात येनार न्हाई. जाऊ डोळं पुसत गेली. मी दार लावलं. लय येळ गाडी सुरू झाल्याचा आवाज आला न्हाई. मी बी दार उगडलं न्हाई.