रोज सकाळी सात वाजता

(दवाखान्याची खिडकी. आत सिस्टर, बाहेर म्हातारे शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात.)

मास्तर : पट्टा आहे, वायर आहे, डबाही आहे. नीट बघून घ्या, सिस्टर.

सिस्टर : मशीन परत कशाला? काकूंचं प्रेशर रोज मोजायला हवं, मास्तर.

मास्तर : ती गेली. आज सतरा दिवस झाले.

सिस्टर : अगंबाई! कशानं हो?

मास्तर : मेंदूत रक्तस्राव. ओट्याशी उभी होती, तिथंच कोसळली.

सिस्टर : आत येऊन बसा ना जरा.

मास्तर : नको. एकच विचारायचं होतं. शेवटचे नऊ दिवस आकडा चढत होता. एकशे सत्तर, एकशे ऐंशी, एकशे शहाण्णव. मी सकाळी सातला मोजून ॲपवर पाठवायचो. पाठवण्यात माझं काही चुकलं का?

सिस्टर : नाही हो.

मास्तर : बघा तरी. जन्मभर लोकांची मापं घेतली, सुताचा फरक पडू दिला नाही. पण या काचेवर बोट कुठं पडेल, नेम नाही.

सिस्टर : सगळे आकडे आलेत. एक दिवस चुकलेला नाही.

मास्तर : मग ते बघून डॉक्टर काय म्हणाले?

सिस्टर : मास्तर, ते कुणी बघतच नव्हतं. ज्या डॉक्टरबाईंनी हे सुरू केलं, त्यांची बदली झाली. आठ महिने झाले. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही.

मास्तर : असं कसं? मला रोज उत्तर यायचं. ‘आपली माहिती मिळाली. काळजी घ्या.’

सिस्टर : ते आपोआप येतं.

मास्तर : आपोआप... मी उलट आभार मानायचो त्यांचे. ही हसायची. म्हणायची, माझ्यापेक्षा त्या डॉक्टरांशीच तुमचं जास्त बोलणं होतं.

सिस्टर : मी दोनदा वर लेखी दिलं, मास्तर. म्हणाले, माणूस मिळेपर्यंत चालू ठेवा. योजना बंद पडलेली दिसायला नको.

मास्तर : आणि ही मागची खोकी?

सिस्टर : नवीन मशीनं. साठ आलीत. उद्यापासून वाटायची.

मास्तर : त्यांना सांगणार?

सिस्टर : त्रास झाला तर थेट इकडे या, एवढं सांगेन. त्यापुढं तोंड उघडलं तर मलाही उचलून कुठंतरी टाकतील. आणि सांगून तरी काय? हातात मशीन आलं की माणूस निर्धास्त होतो.

मास्तर : होतो. खरंय.

सिस्टर : काकूंना आधी काहीच त्रास नव्हता?

मास्तर : डोकं दुखायचं. चार दिवस मागं लागली होती, एकदा दवाखान्यात जाऊन दाखवून येऊ म्हणून.

सिस्टर : मग?

मास्तर : मी म्हटलं, अगं, ते रोज बघतायत. तसं काही असतं, तर फोन केला नसता का त्यांनी?