टर्न अप, शनिवारी सहा वाजता

(परदेशातली रविवारची सकाळ. वहिनीचं स्वयंपाकघर. नणंद दोन कपांत चहा ओततेय.)

नणंद : थांब वहिनी, मला नीट कळू दे. त्यांच्याकडे पार्टी होती, आणि तू शिवणाचा डबा घेऊन गेलीस?

वहिनी : पार्टी आहे हे मला कुठे ठाऊक? कामावरच्या आमच्या इस्त्रीवालीने शुक्रवारी चिठ्ठी दिली. शनिवारी सहा वाजता, घरचा पत्ता आणि खाली 'टर्न अप'. आता हॉस्पिटलच्या शिवणखोलीत मला रोज अशाच चिठ्ठ्या येतात. पडदा, टर्न अप दोन इंच. पायजमा, टर्न अप तीन इंच. म्हणजे खालून दुमडायचं आणि तुरपाई घालायची. बारा वर्षं मी दुसरं काय करतेय?

नणंद : अगं, माणसाने टर्न अप व्हायचं म्हणजे हजर व्हायचं. 'नक्की ये' म्हणत होती ती तुला.

वहिनी : माणसाला नि पायजम्याला एकच शब्द? धन्य तुमचं इंग्रजी.

नणंद : माझं कसलं? मी नुसतं शिकवते. बरं, पुढे?

वहिनी : पुढे काय, दार उघडलं तर आत गाणी, नटलेल्या बायका. आणि मी आपली कामावरच्या स्वेटरमध्ये. मी विचारलं, "टर्न अप, व्हेअर?" ती म्हणाली, "येस, यू टर्न्ड अप." मिठी मारली नि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळली. म्हटलं, आपलं काम आपणच शोधावं. मागच्या खोलीत तिची म्हातारी आई एकटीच बसली होती.

नणंद : तिच्याशी काय बोललीस?

वहिनी : तिला ना इंग्रजी येत, ना माझी भाषा. पण झगा हा एवढा लांब, सारखा पायात येत होता. मी टेप दाखवली, तिने लगेच पाय पुढे केला. म्हटलं, सापडलं काम. तासभर बसलो दोघी. ती तिच्या भाषेत बोलली, मी माझ्या. तिने नवऱ्याचा फोटो दाखवला. मी तुझ्या दादाचा दाखवला.

नणंद : मग रडलात.

वहिनी : थोडं. मग झगा झाला, तशी म्हातारी उठली आणि तरातरा बाहेर जाऊन नाचायलाच लागली. सगळे बघत राहिले. मुलीने विचारलं, झगा कोणी नीट केला? म्हातारीने माझा हात धरून वर केला, सुईसकट.

नणंद : यात वाईट काय झालं?

वहिनी : मी म्हटलं, "आय टर्न अप." सगळी खोली हसली. इस्त्रीवालीच्या तर डोळ्यांतून पाणी. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. डबा उचलला आणि न जेवता घरी आले. उद्या कोणत्या तोंडाने जाऊ? सुपरवायझरला सांगणारेय, मला दुसऱ्या इमारतीत टाका.

नणंद : फोन दे तुझा. अगं, तिचे चार मेसेज आहेत. उघडलेसुद्धा नाहीस?

वहिनी : हसायलाच पाठवले असतील.

नणंद : ऐक तर. 'यू टुक ऑफ.'

वहिनी : काय काढलं मी? बूटसुद्धा काढले नव्हते.

नणंद : तू अचानक निघून गेलीस, असं म्हणतेय ती. 'तुला घरभर शोधलं. आईला इथे येऊन चार महिने झाले, ती खोलीबाहेर पडत नव्हती. काल नाचली. तेव्हा मी हसत नव्हते, रडत होते.'

वहिनी : खरंच असं लिहिलंय? का तू पदरचं घालतेयस?

नणंद : हे घे, तूच वाच. 'क्राय' तर येतं तुला.

वहिनी : येतं.

नणंद : आणि शेवटचा मेसेज आत्ताचा आहे. आई तुझी आठवण काढतेय. दुपारी 'कम ओव्हर', म्हणजे घरी ये. मग तिघी 'ईट आऊट' करू.

वहिनी : अंगणात? एवढ्या थंडीत? म्हातारी कुडकुडेल गं.

नणंद : हॉटेलात, वहिनी. हॉटेलात जेवायचं. आणि आईला 'ड्रेस अप' करायचंय. नटायचंय तिला.

वहिनी : नटू दे की. पण मला नको बाई. तुझा दादा गेल्यापासून मी कुठे गेलेय?

नणंद : कामावर आणि माझ्याकडे. तीन वर्षं बघतेय. सिनेमाला चल म्हटलं की तुला मशीनला तेल घालायचं असतं.

वहिनी : मशीनला तेल लागतंच.

नणंद : हो, लागतं. तिला काय कळवू?

वहिनी : ती म्हातारी वाट बघत बसेल का गं?

नणंद : बसेल.

वहिनी : मग लिही, येते. साध्या शब्दांत लिही. दोन अर्थ निघतील असं काही नको.

नणंद : पाठवलं. आता घालणार काय? तोच स्वेटर?

वहिनी : निळा ड्रेस वरच्या कप्प्यात ठेवलाय, अगदी मागे. जरा खुर्ची धर, मी चढते.