घेवड्याचं बी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. महाराजांच्या हुकुमानं सगळ्या जातींची पोरं एकाच शाळेत बसू लागली, तेव्हा मी गडमुडशिंगीत बिगरीचा, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग शिकवायचो. एकदा पोरांना शाळेमागच्या परसात घेवडा लावायला नेलं. गावकुसाबाहेरची पाच वर्षांची तानी हात पाठीमागं धरून उभी राहिली.

"लाव की, बाळ."

"माजा हात लागला तर उगवायचं न्हाय."

"कुणी सांगितलं?"

"तुमीच की गुरुजी. हात लावू नगंस, बाटतंय म्हनला."

पाण्याच्या घागरीबद्दल म्हणालो होतो मी.

मी तिचा हात धरला आणि दोघांनी मिळून बी पुरलं.

शाळेतून आल्यावर मी रोज आंघोळ करूनच घरात शिरायचो. त्या दिवशी आईनं विचारलं, "पाणी काढू का?"

"नको," म्हटलं आणि तसाच आत गेलो.