परीक्षेपुरता वारलेला माणूस

...नाही, पण मी म्हणतो, जिवंत माणसानं स्वतःच्या मरणाचं ऐकायचं तरी किती? सकाळी चहा पिताना वारलो, दुपारी भांडी विसळताना वारलो, संध्याकाळी जरा नदीकाठी फिरायला गेलो तर तिथं पिवळ्या नदीच्या साक्षीनं पुन्हा वारलो! तुम्हाला सांगतो, माझी तक्रार नाही हो, या वयात मरणाला कोण भितो... पण मी समोर बसलोय ना! धडधाकट बसलोय! कलिंगडाच्या बिया सोलतोय!

थांबा, सावकाश सांगतो. जन्मभर इथल्याच, लानचौ गावच्या गिरणीत लोकर धुतली, आणि लोकर घाईनं धुतली की तिचा गोळा होतो, बोलण्याचंही तसंच. तर आमची नात, रुईनिंग. वाळवंट पुढं पुढं सरकतं ना, ते थोपवायचं कसं, हे तिला परदेशात जाऊन शिकायचंय. तिथल्या विद्यापीठानं जागासुद्धा दिली, पण अट घातली : इंग्रजीची परीक्षा द्या आणि बोलण्यात साडेसहा गुण आणा. वाचण्यात पोरीला भरपूर, ऐकण्यात भरपूर, आणि बोलण्यात? साडेपाच! पुन्हा बसली, पुन्हा साडेपाच! आता ही शेवटची खेप, यात हुकली की जागा दुसऱ्याची. पोरगी जेवेना, हसेना, झोपेत दात खायला लागली. आणि म्हणून तर मी वारलो.

म्हणजे काय झालं, क्लासचे एक हाओ सर आहेत. त्या परीक्षेत बोलायला जे प्रश्न देतात ते म्हणे मोसमाप्रमाणं बदलतात, बाजारातल्या भाजीसारखे. परीक्षा देऊन आलेली पोरं सरांना सांगतात काय विचारलं, सर त्यावर उत्तरं शिजवतात, आणि पुढची पोरं ती गिळतात. या मोसमाचा प्रश्न, 'जिच्याकडून काही शिकलात अशा वृद्ध व्यक्तीबद्दल बोला.' सर म्हणाले, रोज कुणालातरी परीक्षक म्हणून समोर बसवा, त्यानं फक्त हसायचं नाही. घरात रिकामा कोण? मी! बसलो. मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही, पण पोरगी छान बोलायची हो, झऱ्यासारखी... आणि शेवटी रोज एका जागी मान खाली घालायची, छातीवर हात ठेवायची, आवंढा गिळायची. एकदा विचारलं, "बाळ, तिथं काय गं म्हणतेस?"

"तिथं ना आजोबा... तिथं तुम्ही वारता."

मी परीक्षक, मला हसायचीसुद्धा परवानगी नाही!

"रागावू नका हो! सरांचंच उत्तर आहे ते. तुम्ही कोळी असता, मला पहाटे समुद्रावर नेता, जाळं टाकून धीर धरायला शिकवता, आणि मग..."

"आणि मग मी बुडतो?"

"नाही, छातीचा आजार. सर म्हणतात, आजोबा गेले म्हटलं की परीक्षक गप्प बसतो, दुःखात कोण उलटे प्रश्न विचारणार?"

आता बघा, मी उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही! पण पोरीच्या जागेचा प्रश्न, म्हटलं, मारा बाबांनो. आमच्या म्हातारीला कळलं मात्र, "थू थू थू! लाकडाला हात लावा आधी! कोण तो मास्तर? स्वतःचा आजोबा मार म्हणावं!" आणि मला लाल मोजे घातले. या वयात लाल मोजे! का, तर लाल रंगानं मरण टळतं म्हणे, यमदूताची चूक नको व्हायला. त्याला काय माहीत हे परीक्षेपुरतं आहे?

परीक्षेच्या सकाळी म्हातारीनं रुईनिंगच्या ताटात एक लांब तळलेली कणकेची कांडी आणि शेजारी दोन अंडी मांडली, म्हणजे शंभर! पोरगी रडवेली, "आजी, या परीक्षेत नवाच्या वर गुणच नसतात!" म्हातारी डगमगली नाही. एक अंडं माझ्या ताटात टाकलं, उरलेल्या अंड्याला कांडी वाकवून शेपटासारखी लावली. "घे, इंग्रजी नऊ!" पोरीनं निम्मं खाल्लं... निम्म्या नवाचे किती होतात हे कुणी मोठ्यानं विचारलं नाही.

तिच्याबरोबर मी गेलो. ती वर तिसऱ्या मजल्यावर, मी फाटकाशी घडीच्या स्टुलावर. शेजारी आणखी एक म्हातारे बसलेले, थर्मास मांडीत धरून. म्हणाले, "नातवाची परीक्षा. तुमची?"

"नातीची. अभ्यास चांगला झालाय, मी वारतो त्यात."

त्यांचा चहाचा घोट तिथंच थांबला. "कोळी का तुम्ही?"

"हो! तुम्ही?"

"कोळीच. छाती."

तेवढ्यात त्यांचा नातू बाहेर आला, कागदासारखा पांढरा, म्हणाला, "आजोबा, मला समुद्रावरच अडवलं, पुढं बोलूच दिलं नाही!" तुम्हाला सांगतो, माझ्या हातातल्या बिया सांडल्या. वर पोरगी आत्ता त्याच समुद्राकडं चाललेली, आणि मी खाली! ओरडू? कुठल्या भाषेत ओरडू? मी नुसता उठलो आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांकडं बघत उभा राहिलो. दुसरं काय करणार?

आत काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. परीक्षक बाई थकलेल्या, चष्मा कपाळावर. रुईनिंगनं जाळं टाकलं न टाकलं तोच बाईंनी हात वर केला. "सकाळपासून हा कितवा कोळी, मी मोजणं सोडलं. मुली, या गावाला समुद्र कुठं आहे?"

पोरीचं पाठ केलेलं सगळं तिथंच बुडालं. घड्याळ चाललंय... तिनं खिडकीतून खाली पाहिलं, आणि फाटकाशी मी दिसलो, तोंड वर करून उभा. आणि म्हणे तोंडातून निघूनच गेलं, "ते बघा, ते माझे आजोबा. ते वारलेले नाहीत."

बाई उठून खिडकीशी आल्या! "लाल मोजेवाले?"

"हो."

"बरं, मग आता त्यांच्याबद्दल सांग."

आणि पोरगी बोलली. अडखळत, चुकत, मागं येऊन दुरुस्त करत. गिरणीची लोकर, म्हातारीचे मोजे, मला इंग्रजी येत नाही तरी मी रोज परीक्षक होऊन बसायचो आणि न हसण्याच्या नादात मला उचकी लागायची, ते सगळं. बाई मधे मधे विचारत राहिल्या, ती सांगत राहिली. बाहेर आली ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, "आजोबा, संपलं सगळं, पाठ केलेलं काहीच म्हटलं नाही मी..." म्हटलं, चल, गोमांसाच्या शेवया खाऊ, तिखट जास्त घालून. रडायला निमित्त होतं.

मग निकालाची वाट. म्हातारीनं मला मोजे काढू दिले नाहीत, पाय शिजले! आणि एके दुपारी पोरगी फोन हातात धरून स्वयंपाकघरात किंचाळली. साडेसहा! बरोब्बर साडेसहा, वर काही नाही, खाली काही नाही!

आता इथं गोष्ट संपायला हवी की नाही? पण रीत आहे ना, काय विचारलं, काय बोललात, ते सरांना जाऊन सांगायचं. पोरगी सांगून आली. आणि परवा इथंच, नदीकाठच्या बाकावर, एक अनोळखी पोरगा डोळे मिटून पाठ करत होता, छातीवर हात ठेवून. शेजारच्या मैत्रिणीनं म्हटलं, "काय रे, नवीन कोळी का?" तो म्हणाला, "छे, कोळी जुना झाला. आता सरांचा लोकरवाला आलाय. गिरणी, लाल मोजे, फाटकाशी उभा राहतो, फार भारी आहे."

मी सरकून जवळ गेलो. म्हटलं, "बाळा, आणि शेवटी काय होतं रे त्याचं?"

"शेवटी ना आजोबा? फाटकाशी उभा असतानाच वारतो. सर म्हणतात, त्याशिवाय शेवट उठत नाही."

उठून घरी आलो, आणि म्हातारीला म्हटलं, "धुवायला टाकलेले ते मोजे दे गं परत... हा मोसम संपेपर्यंत."