हा माणूस कोणाचा

मंडळी, सकाळीच एवढे जण आले तुमी. अमरावतीचा कापूस बाजार आज बंद आहे. अकोल्याहूनही गाड्या आल्या. मास्तर जित्ते असते आणि या रस्त्यानं जात असते, तर हा मांडव पाहून त्याइनं कोणाले तरी विचारलं असतं, बाप्पा, कोण मोठा माणूस मेला? आणि तुमी त्याइले उत्तर दिलं नसतं. दोन वर्सं झाली, तुमी त्याइच्याशी बोलतच नव्हते.

मले बोलणं जड जाऊन राहिलं. शोकसभेत सारेच असं म्हणतात, मले ठाऊक आहे. माहं जड जाण्याचं कारण निराळं आहे. ते मी सांगतो. मधात उठू नका, एवढंच मागणं आहे.

समोर हे ताट ठेवलं आहे. बेलाची पानं आणि भंडारा. बेलभंडार उचलून जो बोलला तो खरं बोलला, असं आपण धरतो. हे ताट इथं काहून आलं, तेही साऱ्याइले ठाऊक आहे. माणूस मेला की मोठा होते, म्हणून नव्या वाचनघराले मास्तरचं नाव द्यायचं ठरलं. पण दगडावर नुसतं नाव कोरलं तर बरं दिसत नाई म्हणे. कूळ पाहिजे. म्हणून भाट बोलावला. त्यानं काल दुपारी, जेवण झाल्यावर, मास्तरच्या सात पिढ्या लिहून काढल्या. त्यातला एक जण राजाचा गुरू होता म्हणे. आणि मी, सखाराम आडत्या, मास्तरचा जुना सोबती, मी बेलभंडार उचलून म्हणायचं की हे सारं खरं आहे.

उचलतो मी. आधी गोठ ऐका.

अमेरिकेत लढाई लागली होती तवाची गोठ. अमेरिका कोणीकडे आहे, ते आपल्यापैकी एकालेही ठाऊक नव्हतं. तिकडचे लोक एकमेकाइले मारून राहिले म्हणून इकडं आपला कापूस चढून राहिला, एवढं मात्र समजलं होतं. दर इतवारी कापसाच्या गंजीजवळ आपण बसायचो आणि मास्तर वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. आपण काय विचारायचो, आठवते का? अजून किती मेले? जास्त मेले की आपण खुश. मास्तर वाचता वाचता थांबत, आपल्याकडे पाहत, आणि पुढं वाचत.

एका इतवारी सिकंदराची गोठ निघाली. आपल्यातले खानसाहेब म्हणे, सिकंदर आमचा. मी म्हटलं, कसा तुमचा, तो तर जुना यवन, ग्रीस देशाचा. मास्तर हसले. म्हणे, "तो जलमायच्या आधीपासून हे भांडण चालू आहे. तुमी नवीन काही नाई करून राहिले."

मंग त्याइनं सांगितलं. सिकंदराचे लोक मकदुनियाचे. यवनाइच्या देशाच्या वरतं, डोंगराच्या अंगाले. देव यवनाइचेच पुजत. नावंही तशीच. पण बोलणं यवनाइले खडबडीत लागे, पुण्याच्या माणसाले आपलं लागते तसं. मेंढरं चारत, मेंढीची कातडी पांघरत. त्याइची एक रीत होती. ज्यानं जाळं न लावता रानडुक्कर मारलं, त्यानंच पंगतीत लोडाले टेकून जेवायचं. बाकीच्याइनं पोराइवानी ताठ बसायचं. एका मोठ्या सरदाराचा लेक पस्तिशीचा झाला तरी ताठ बसूनच जेवे. यवन हे ऐकून पोट धरून हसत. म्हणत, हे आपले नाईत, हे रानटी.

मी विचारलं, "मंग खरं काय? यवन का रानटी?"

"मले ठाऊक नाई," मास्तर म्हणे. "इंग्रज पंडितही अजून भांडूनच राहिले. कोणी म्हणते यवनाइचीच एक शाखा, डोंगरात राहून मागं पडली. कोणी म्हणते लोक येगळेच, वरून यवनाइचं कापड नेसले. पण सिकंदरानं मुलूख जिंकले, तवा तेच यवन म्हणाले, हा तर आमचाच."

आणि त्याइनं त्या राजाची गोठ सांगितली. सिकंदराचा पूर्वज, नावही तेच. यवनाइच्या मोठ्या खेळात धावायले गेला. बाकीचे धावणारे अडून बसले, हा यवन नाई, याले काढा. मंग त्यानं पंचाइसमोर आपली वंशावळ मांडली. माहे पूर्वज यवनाइच्या अमुक गावचे, तिथून आमी डोंगरात गेलो. पंचाइनं मानलं. राजा धावला, आणि पहिल्याच्या बरोबरीनं आला.

कोणी तरी विचारलं, "वंशावळ खरी होती का मास्तर?"

मास्तर म्हणे, "राजा होता तो. पंच काय म्हणतील?"

आपण सारे हसलो. मी साऱ्याइपेक्षा जास्त हसलो. मलेही एक वंशावळ लागणार आहे, हे तवा मले ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी घरी जाता जाता मी सहज विचारलं, मास्तर, तुमी मूळचे कोठचे? ते थोडं चालले. मंग म्हणाले, "रिद्धपूरच्या मठाच्या पायरीवर सापडलो. माय कोण, बाप कोण, ठाऊक नाई. तिथल्या एका म्हातारीनं वाढवलं. हे मी कोणाले सांगितलं नाई, आडत्या. तुमाले सांगून राहिलो." मी म्हटलं, ही गोठ माह्या पोटात राहील. मास्तर म्हणे, मले ठाऊक आहे.

पुढच्याच साली माह्या सरूची सोयरीक आली. सरू मास्तरपाशी शिकलेली. तिले अक्षर त्याइनंच लावलं, माह्याच ओसरीवर बसून. नागपूरकडचं घराणं चालून आलं. कापसानं मले बंगला दिला होता, घोडागाडी दिली होती, पण आजा दिला नव्हता. माहा आजा चिखलदऱ्याच्या डोंगरात लोकाइची ढोरं चारे. ढोरकी होता. घोंगडं पांघरे, अनवाणी चाले, आणि रानडुकराच्या भेवानं झाडावर झोपे. आता सांगितलं. तवा मात्र मी हाच भाट बोलावला आणि राजपुतान्यातल्या एका गढीतून माहं घराणं खाली उतरवलं.

नागपूरची मंडळी हुशार. म्हणाली, कागद कोणीही लिहिते. तुमच्या गावात खोटं न बोलणारा एक माणूस दाखवा, त्यानं बेलभंडार उचलावा. तुमी साऱ्याइनं एकच नाव घेतलं.

मी मास्तरकडे गेलो. म्हटलं, "सरूचं काम आहे. एक शब्द बोला."

"सरूचं काम असतं तर केलं असतं. हे तुमचं काम आहे."

"माहा आजा ढोरं चारे, हे सांगू त्याइले?"

"हाव. सांगा ना. ढोरं चारण्यात चोरी केली का त्यानं? त्या राजानं एकदा वंशावळ दाखवली, आडत्या. तरी पुढं शंभर वर्सं त्याच्या वंशाले लोक रानटीच म्हणत राहिले. तुमी सरूले त्या पंचाइपुढं जलमभर उभं करून राहिले."

मी म्हटलं, मंग येऊ नका. मास्तर म्हणे, "बोलावलं आहे, येतो. विचारलं तर ठाऊक आहे तेवढं सांगतो."

मी भ्यालो, मंडळी. सरळ सांगतो, मी भ्यालो. आणि भ्यालेला माणूस काय करते, ते तुमी पाहिलं आहे. तुमी तिथं होते.

असाच मांडव. असंच ताट. मास्तर ताटाजवळ येऊन बसले. त्याइले कोणी काही विचारायच्या आत मी उठलो. म्हटलं, "बेलभंडार उचलणाऱ्याचं कूळ आधी पाहावं लागते. मास्तर, तुमचा बाप कोण?"

मास्तर बोलले नाई. माह्याकडे पाहत राहिले. मी थांबायले पाहिजे होतं. मी थांबलो नाई. म्हटलं, "रिद्धपूरच्या पायरीवर सापडलेल्या माणसाचं कूळ कोणतं, ते तरी सांगा."

तुमी हसले. शेटजी, तुमी हसले. वकीलसाहेब, तुमी तोंडावर उपरणं धरून हसले. भाट हसला, ज्यानं काल त्याच माणसाले सात पिढ्या लावून दिल्या. मास्तर उठले. जाताना गडबडीत डाव्या पायाचा जोडा उजव्या पायात घातला आणि तसेच गेले. त्यालेही कोणी तरी हसलं.

आता एक गोठ तुमच्या ध्यानात आली नसेल. माह्याही तवा आली नव्हती. मास्तरले एकच वाक्य बोलायचं होतं. "याचा आजा ढोरकी होता." नागपूरचे लोक समोर बसले होते. माहा बंगला, माही सोयरीक, सारं तिथंच आडवं झालं असतं. ते बोलले नाई. पडद्यामागं सरू उभी होती, म्हणून ते बोलले नाई.

मंग दुसऱ्याच एकानं बेलभंडार उचलला. तो आज या सभेचा अध्यक्ष आहे. लग्न झालं.

मास्तरच्या शाळेतून तुमी आपापली पोरं काढली. बापाचा पत्ता नसलेल्यानं आमच्या पोराइले काय शिकवावं, म्हणाले. घरवाल्यानं खोली रिकामी करून मागितली. ते अकोल्याले गेले. तिथल्या एका कापूस कारखान्यात दाबलेल्या कापसाच्या गठाणीवर रंगानं आडत्याइची नावं लिहायचं काम मिळालं. माह्याही गठाणीवर त्याइच्या हातचं अक्षर असे. सुरेख अक्षर. मी ओळखत होतो, आणि गठाण पुढं लोटत होतो.

यंदा अकोल्यात पटकीची साथ आली. त्याच दिवसात मी व्याह्याइसंगं कामासाठी तिथं गेलो होतो. सकाळची वेळ. कारखान्याच्या फाटकाबाहेर चटईवर एक माणूस पडला होता. मेलेला. भवताल मजूर उभे, हातभर दूर. कोणी पुढं होत नव्हतं. पटकीचं भेव होतंच, पण ते म्हणत होते, कोणत्या लोकाइनं उचलावं याले? जाळावं का पुरावं? याचे लोक कोण? मुकादमानं मले पाहिलं. पळत आला. म्हणे, "शेटजी, तुमी अमरावतीचे. तुमाले ठाऊक असेल. हा माणूस कोणाचा?"

व्याही बाजूले उभे होते.

मी म्हटलं, "ठाऊक नाई."

मंग आमी जेवायले गेलो. वरण, भात, वांग्याची भाजी. मी दोनदा भात घेतला. तिसऱ्या प्रहरी परत आलो तर मास्तर तिथंच. उन्ह अंगावर आलं होतं. शेवटी एका गाडीवानानं आपल्या गाडीतला कापूस रस्त्यावर उतरवला, एकट्यानं त्याइले उचलून गाडीत घातलं आणि घेऊन गेला. तो गाडीवान कोणत्या लोकाइचा होता, ते त्याले कोणी विचारलं नाई. त्यानंही मास्तरचं विचारलं नाई.

व्याह्याइनंही त्याइले ओळखलं होतं. घरी जाऊन त्याइनं ही गोठ पंगतीत सांगितली. मौज म्हणून. तुमच्या गावचा तो बिनबापाचा मास्तर, सूनबाई, रस्त्यावर पडला होता, कोणी हात लावेना. सरू वाढून राहिली होती. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि साऱ्याइसमोर म्हणाली, "माहा पणजा डोंगरात ढोरं चारे. मास्तरले हे ठाऊक होतं. तरी ते गप राहिले." एवढंच बोलली ती. दुसऱ्या दिवशी तिले गाडीत बसवून इकडं धाडून दिलं. परवापासून माह्या घरी आहे. समोरच्या या चार खुर्च्या नागपूरच्या मंडळीसाठी मांडल्या होत्या. त्या काहून रिकाम्या आहेत, ते आता समजलं तुमाले.

मले धीराचा माणूस समजू नका. माह्याजवळ लपवायले आता काही उरलं नाई, म्हणून मी बोलून राहिलो. सरू परत आली नसती, तर मी आज हे ताट उचलून मास्तरच्या सात पिढ्या खऱ्या म्हटल्या असत्या. डोळ्यातून पाणीही काढलं असतं. आणि मंग जेवलो असतो.

हे पाहा, उचलला बेलभंडार. अध्यक्षसाहेब, खाली पाहू नका, इकडं पाहा. भाटानं लिहिलेला मास्तरचा कागद खोटा. माहा कागद खोटा. अकोल्यात मी दिलेलं उत्तर खोटं. आता दगडावर काय कोरायचं ते कोरा. नाई कोरलं तरी चालते. त्याइच्या हातचं अक्षर अजून माह्या गोदामात गठाणीवर आहे, आणि त्या अक्षरानं लिहिलेलं नाव माहं आहे.

सरू आल्यापासून माह्याशी बोलली नाई. एकच गोठ विचारली तिनं. "बाबा, किती वेळ पडून होते ते?" मी म्हटलं, सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत. ती उठली, ओसरीवर त्याइच्या जागेजवळ जाऊन बसली, आणि तेवढा वेळ बसून राहिली. पाणी प्यायली नाई. मी दारात उभा होतो, मले जवळ जायची हिंमत झाली नाई.

तर मंडळी, मास्तरसाठी आता गप बसायचं आहे. नेहमीसारखं घडीभर उभं राहून, उपरणं झटकून जायचं नाई. मांडवामागं स्वयंपाक झाला आहे, वास मलेही येऊन राहिला. थंड होऊ द्या. आवाराचं फाटक मी बाहेरून लावायले सांगितलं आहे. तिसऱ्या प्रहरी एक गाडीवान येईल, तो उघडेल.

बसा. अजून सकाळच आहे.