संपर्क तुटल्यावर

अपर्णा: खुर्चीवर नाहीत म्हणजे काय? नीट सांग.

प्रशिक: नाही म्हणजे नाही, ताई. इंटरवलमध्ये मी बाहेर आलो, परत गेलो तर बाबाची सीट खाली. पॉपकॉर्नचा डबा तसाच ठेवून हाय.

(दुपारच्या शोचं मध्यंतर नुकतंच संपलंय. प्रशिक रामटेके रायपूरच्या एका मॉलमध्ये, वरच्या मजल्यावरच्या सिनेमाघराबाहेर फोन कानाला लावून उभा आहे. उभा कसला, पाय ठरत नाहीत एका जागी. थोरली बहीण अपर्णा दूर नव्या रायपूरला, आपल्या सरकारी कचेरीच्या जिन्यात.)

अपर्णा: बाथरूम पाहिलं?

प्रशिक: पाहिलं. एकेक दार वाजवलं. आतून एक माणूस शिव्या देऊन राहिला होता मले.

अपर्णा: मग फोन लाव बाबांना. मला कशाला लावतोस आधी?

प्रशिक: त्याइचा फोन माह्याच खिशात हाय. पिक्चरमध्ये वाजू नये म्हणून मीच घेऊन ठेवला.

अपर्णा: शाब्बास. आणि तू बाहेर काहून गेला होता?

प्रशिक: असाच.

अपर्णा: प्रशिक.

प्रशिक: रेकॉर्ड करून राहिलो होतो. चॅनलसाठी. पहिल्या हाफवर आपली राय. दोन मिनिटाचं काम होतं, ताई. म्हटलं, बाबा, इथंच बसा, हलू नका. त्याइनं हव म्हटलं, बरोबर हव म्हटलं.

अपर्णा: ते सगळ्यालाच हव म्हणतात आता. परवा दूधवाल्यानं विचारलं, काका, आज दूध नको ना, तर हव म्हणाले. आई बिनदुधाची बसली.

प्रशिक: एक मिनिट. भैया, सुनिए. एक बुजुर्ग आदमी देखे क्या? सफेद शर्ट, चश्मा डोरीवाला। जेब में दो पेन। नहीं? ... ताई, गार्ड म्हणते, इंटरवलमध्ये इतका गर्दा होता, कोणाकोणाले पाहू.

अपर्णा: माइकवरून नाव पुकारायला सांग.

प्रशिक: सांगितलं. पुकारून राहिले. ऐकू येते का तुले? "तुलसीराम रामटेके जी, आप जहाँ भी हैं." बाबा कधी ऐकणार हाय का ते? त्याइले जिंदगीभर कोणी तुळशीराम म्हटलं नाही. रामटेके ड्रायव्हर म्हटलं, नाही तर काहीच नाही.

अपर्णा: स्टेशन. ते स्टेशनवर गेले असतील. मागच्या खेपेला तिथंच सापडले ना? ड्रायव्हर लोक ड्युटीची हजेरी लावतात त्या लॉबीत. जेवणाचा डबा मागून राहिले होते सगळ्यांना. तू खाली उतर. स्कूटर काढ.

प्रशिक: उतरून राहिलो. लिफ्ट भरून हाय, जिन्यानं जातो. तू आईले सांगितलं तर नाही?

अपर्णा: वेडा आहेस का? तिचा बीपी. तिला वाटतं तुम्ही दोघं मजेत पिक्चर पाहून राहिले. सकाळी बाबांच्या शर्टाला इस्त्री करताना गाणं म्हणत होती ती. थांब, मी शालिग्राम काकांना दुसऱ्या फोनवर विचारते. त्यांची ड्युटी लॉबीतच असते. लाइन कट करू नको.

प्रशिक: नाही करत. बोलत राहा. नाही तर मी बोलतो.

अपर्णा: काकांचा फोन लागून राहिला. तोपर्यंत सांग, असं काय सांगायचं होतं तुला जगाला, की बाप सोडून बाहेर पळाला?

प्रशिक: जाऊ दे ना.

अपर्णा: नाही, सांग. तुझ्या चॅनलवर पाहणारे तरी किती? तू, तो तुझा दोस्त संघर्ष आणि त्याचा भाचा.

प्रशिक: मले हे सांगायचं होतं की ज्या व्हिडिओ गेमवर हा पिक्चर बनवला, तो या लोकाइनं खेळलाच नाही. केल्विन ड्रिफ्टची पुरी जान काय हाय? वाट पाहणं. अंतराळात मालगाडीसारखं एक लांब जहाज. आत ड्रायव्हर, बाहेर अंधारात त्याचा सेकंड, म्हणजे असिस्टंट, आणि मधात फक्त रेडिओ. बस, इतकाच गेम. आणि पिक्चरवाल्याइनं काय केलं? हिरोले एक मेलेली बायको दिली, एक दुश्मन दिला, हातात बंदूक दिली. पुऱ्या गेममध्ये बंदूक नाही, ताई. कुठंच नाही.

अपर्णा: तू बोलून राहिलास की धावून राहिलास?

प्रशिक: दोन्ही. घाबरलो की मी असाच बोलतो, तुले माहीत हाय. दरवेळी हेच करते हे लोक. गेमचं नाव घेते, कपडे घेते, जहाज हुबेहूब बनवते, आणि नियम फेकून देते. अरे, नियम म्हणजेच तर स्टोरी. गेममध्ये हात आपला असते. चुकलो तर आपण चुकलो. पिक्चरमध्ये हात मांडीवर ठेवून बसा आणि दुसऱ्याची चूक पाहा. दुसऱ्या एका गेमवरची सीरिज तेवढी बरी निघाली होती, त्याइनं हिरोले हातच नाही लावला, त्याच दुनियेतल्या दुसऱ्याच बाईची गोष्ट सांगितली.

अपर्णा: काकांनी उचलला. एक मिनिट. ... हॅलो, काका, मी अपर्णा. बाबा तिकडे आले का? ... नाही, काही नाही, सहज. ... हो. आले तर बसवून ठेवा, पाणी द्या. हो, हो, ठीक आहे.

प्रशिक: काय म्हणाले?

अपर्णा: नाही आले. काकांना समजलं. आवाज बारीक झाला त्यांचा.

प्रशिक: मी गेटवर हाय. इथं ऑटोच ऑटो हाय, ताई. कुठं पाहू? रोडच्या पल्याड जाऊ की पार्किंगमध्ये? एक म्हातारा दिसला होता, तसाच सफेद शर्ट. धावलो, तर दुसरंच कोणी.

अपर्णा: रोड ओलांडला असेल त्यांनी तर? ट्रकवाले कसे येतात तिकडून. प्रशिक, मले कसंतरी होऊन राहिलं.

प्रशिक: तू रडू नको. तू रडली तर मी काय करू?

अपर्णा: मी किती वेळा म्हटलं, त्यांना बाहेर नेऊ नको. त्या गेमनंच डोकं फिरवलं त्यांचं. रात्रंदिवस तो रिमोट हातात. माणसाला घर आठवत नाही आणि तू त्याला चंद्रावर नेऊन बसवतो.

प्रशिक: गेममुळंच ते इतके तरी हाय. तू असते दिवसभर ऑफिसात, तुले काय माहीत? डॉक्टरनंच म्हटलं होतं, हात चालू राहू द्या, डोकं चालू राहू द्या. पहिल्या दिवशी स्क्रीन पाहून म्हणाले, हे तर आपलं रेल्वेच होय. मले शिकवावं नाही लागलं. तेच ड्रायव्हर, मी सेकंड. आणि एक सांगू? तुले मागच्या हप्त्यात बाबा नर्सबाई म्हणाले ना?

अपर्णा: ते कशाला काढतो आता?

प्रशिक: आईले त्याइनं दोनदा विचारलं, तुम्ही कोणाकडच्या. मले नाही विसरले. एकदाही नाही. गेम सुरू झाला की पहिले हाक मारते, प्रशिक, तयार? इतकंच राहिलं होतं माह्याजवळ, ताई. म्हणून तर पिक्चरले आणलं. वाटलं, तेच जहाज एवढं मोठं दिसलं तर आणखी काही दिवस टिकन.

अपर्णा: मला हे सांगितलं नाहीस कधी.

प्रशिक: तू कुलूप लावायचं म्हणत होती दाराले.

अपर्णा: अजूनही म्हणते. ... बरं, रडू नको. पिक्चर चालू असताना काय करून राहिले होते ते? काही बोलले?

प्रशिक: बोलले ना. त्याच्यावरच तर रेकॉर्ड करून राहिलो होतो. पिक्चरमध्ये रेडिओ बंद पडते, आणि तो हिरो जहाज सोडून सिद्धा बाहेर उडी मारते. इकडे पाहते, तिकडे पाहते, ओरडते. बाबा थेटरात जोरात म्हणाले, अरे, दिवा काहून नाही लावला यानं? लोक हसले. मी म्हटलं, पाहा, माह्या बापाले जे समजते ते करोडोच्या डायरेक्टरले नाही समजत.

अपर्णा: कुठला दिवा?

प्रशिक: नियम हाय. संपर्क तुटला की.

अपर्णा: थांब. मी ऐकलाय तो. शिंचं, दर रविवारी माझं डोकं उठवायचे तुम्ही. मी आत कपडे घडी करत असायची आणि बाहेरून बाबा ओरडायचे. काय ओरडायचे रे?

प्रशिक: हलू नको. दिव्याखाली उभा राहा. मी येऊन राहिलो.

अपर्णा: आणि तू काय करायचा?

प्रशिक: उभा राहायचो. दोघंही शोधत सुटले तर दोघंही मरते. हवा पुरत नाही. ड्रायव्हरनं दिवे लावायचे अन् जहाज घेऊनच यायचं; जो बाहेर हाय त्यानं जवळचा दिवा पाहायचा, त्याच्याखाली थांबायचं, आवाज आला तरी हलायचं नाही. आणि मी...

अपर्णा: काय झालं?

प्रशिक: मी त्या हिरोसारखाच धावून राहिलो, ताई. केव्हाचा. गेट, पार्किंग, रोड. अन् बाबा कुठंतरी थांबले असन.

अपर्णा: मग परत जा. जिथून सुटले तिथून पाहा. त्या हॉलमध्ये दिवा कुठं असतो?

प्रशिक: अंधारच असते तिथं. फक्त पडद्याच्या बाजूला, एग्झिटच्या दारावर. हिरवा. गेममध्ये पण हिरवाच हाय.

अपर्णा: पळ.

प्रशिक: भैया, अंदर जाने दो। टिकट है। अरे, देखा तो था तुमने मेरे को! ... ताई, आत आलो. पिक्चर चालू हाय. सॉरी, सॉरी, जरा पाँव। ... दिव्याखाली कोणी नाही.

अपर्णा: नीट पाहा.

प्रशिक: कोणी नाही. दार हाय. भैया, ये दरवाजा किधर जाता है? ... पीछे की सीढ़ी? और उधर से खुलता नहीं? इंटरवल में खुला था? ... ताई, इंटरवलमध्ये लोकाइनं हे दार खोललं होतं. बाहेर गेलं की बंद होते. पल्याडून मूठच नाही त्याले.

अपर्णा: तर तू काय विचारत बसलास? ढकल.

प्रशिक: ढकललं. जिना हाय. अंधार हाय. वरच्या वळणावर काही नाही. खाली... ताई.

अपर्णा: काय? बोल ना. प्रशिक, बोल.

प्रशिक: हाय.

अपर्णा: आहेत? बरे आहेत? पडले तर नाही?

प्रशिक: उभे हाय. खालच्या वळणावर एक बल्ब हाय, त्याच्या बरोबर खाली. भिंतीले पाठ लावून. हात मागं बांधून.

अपर्णा: देवा. म्हणजे... मले बसू दे थोडं. तू जवळ जा. हळू जा, घाबरवू नको त्यांना. फोन चालू ठेव.

प्रशिक: बाबा.

तुळशीराम: कोन हाय?

प्रशिक: मी. चला, घरी जाऊ. पाणी पेता का?

तुळशीराम: पानी नोको. समद्या लाइटी लागल्या आन् लोकं उठले. मले वाटलं टेशन आलं. उतरलो, तं मांगून दार लागलं. वाजवलं, कोनी खोललं नाही.

प्रशिक: मग तुम्ही इथंच थांबले?

तुळशीराम: मंग काय पयत सुटू? तो पिक्चरातला ड्रायव्हर पयाला इंजन सोडून. कामाचा नाही तो. गाडी सोडायची नसते अशी. मी हाललो नाही.

प्रशिक: बरोबर केलं, बाबा. एकदम बरोबर केलं. चला आता.

तुळशीराम: तुम्ही कोन, भाऊ?

अपर्णा: प्रशिक? काय म्हणाले ते?

तुळशीराम: ड्युटीवर हाय का तुम्ही इथं?

प्रशिक: हव. ड्युटीवरच हाय.

तुळशीराम: मंग जा तुमच्या कामाले. माही फिकर करू नोका. माहा पोट्टा येऊन राहिला. प्रशिक नाव हाय त्याचं. त्याले माईत हाय मी कुठं थांबन ते.

अपर्णा: प्रशिक, ऐक. तू सांग त्यांना, मी तोच म्हणून. चेहरा दाखव जवळून.

प्रशिक: नको, ताई.

अपर्णा: अरे, पण...

प्रशिक: राहू दे. वाट पाहून राहिले ते माही. ... बाबूजी, त्याले यायले वेळ लागला तर?

तुळशीराम: लागू दे. येते तो. आजलोक एक डाव बी चुकला नाही.

प्रशिक: मग तो येतपर्यंत मी इथं थांबू काय? तुमच्या संगं?

तुळशीराम: थांबा ना. या असे, जरा जवळ सरका. दिवा दोघाइले पुरते.